बुटाच्या नाडीवरचे टाके

पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींना इंदूर म्हटलं की शेव आठवते आणि होळकर आठवतात. त्यापुढे त्यांची गाडी जात नाही. माझ्या हिंदी मिसळलेल्या मराठीला मात्र त्या गेली वीसेक वर्षं मनसोक्त हसत आल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीनेही ते गाव पाहिलेलं नाही, आणि विमान तर गेल्या हिवाळ्यापर्यंत मीही आतून पाहिलं नव्हतं. परत आल्यापासून सगळ्याजणी ‘सांग ना, सांग ना’ म्हणून मागे लागल्या आहेत. बोलायला बसले की मी मधलंच काहीतरी गाळते, म्हणून लिहून काढते आहे.

आधी माझ्याबद्दल. माझा उजवा पाय लहानपणी पोलिओने गेला. म्हणजे आहे, पण नावापुरता. त्याला कॅलिपर लावते. मांडीपासून टाचेपर्यंत दोन्ही बाजूंनी स्टीलच्या सळया, मध्ये चामड्याचे पट्टे, गुडघ्याला कडी, आणि खाली त्या सळयांनाच जोडलेला जाड तळाचा बूट. दुसऱ्या पायात साधी पट्ट्याची चप्पल आणि हातात काठी. एवढा लवाजमा घेऊन मी रोज बसने बँकेत जाते. कोणी ‘धरू का?’ म्हणून हात पुढे केला, की नको म्हणते. त्यात मोठेपणा काही नाही, नुसता हट्ट आहे.

कृष्णपुरा

माझी थोरली बहीण, जीजी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून, म्हणजे होळकरांच्या नदीकाठच्या समाधींपासून, हाकेच्या अंतरावर राहते, एका पेढीच्या वरच्या दोन खोल्यांत. मेहुणे गेले, आता ती आणि तिचा मुलगा दिलीप. दिलीप सरकारी कचेरीत आहे. स्टेशनवरून त्याने मला रिक्षाने आणलं आणि जिन्याशी पोचल्यावर चेहरा पाडून उभा राहिला. जिना अरुंद आणि खडा.

“मावशी, उचलून घेऊ का? फटाफट होऊन जाईल.”

“तू तुझी कंबर सांभाळ,” मी म्हटलं, आणि पाठमोरी बसून एकेक पायरी वर सरकू लागले. असे जिने मी असेच चढते. वरून जीजी ओरडत होती, “अरे तिला चढू दे तिच्या हिशोबाने! बचपन से अशीच जिद्दी आहे ती!”

वर पोचले तेव्हा लुगडं धुळीने माखलेलं आणि मी घामाघूम. जीजीने मला पोटाशी धरलं. तिच्या अंगाला तोच जुना वास होता, लवंगेचा आणि खोबरेल तेलाचा. मला वाटलं होतं, मी हसत भेटेन. पण मी रडले.

“किती वाळली ग तू! पुण्यात खायला देत नाहीत का? बस, पहले बस. मग बोल.”

मग पोहे आले. आमच्या पुण्यात पोह्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर घालतात आणि फोडणीचं कौतुक करतात. इंदूरचे पोहे वाफेवर ठेवलेले, मऊसूत, त्यात बडीशेप, वर मूठभर शेव आणि जीरावण नावाचा तिखट-आंबट मसाला, आणि शेजारी गरम जिलबी. सकाळी सकाळी तिखटाबरोबर गोड खातात हे पुण्यात सांगितलं की लोक नाक मुरडतात. मुरडू देत. मी दोन बश्या खाल्ल्या.

खाता खाता मी जीजीचे हात पाहिले. पत्रात तिने संधिवात असा एक शब्द लिहिला होता, आणि मी तो वाचून पुढे गेले होते. बोटं सांध्यांशी सुजून तिरपी झाली होती. बशी ती दोन्ही तळहातांमध्ये धरत होती, ओंजळीत पाणी धरावं तशी.

हे हात मला माझ्या पायांपेक्षा जास्त ओळखीचे आहेत. प्लास्टर घालून मला महिनोन्महिने खाटेवर ठेवलं होतं, तेव्हा दुपारी मी रडून घर डोक्यावर घ्यायचे. जीजी माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. शाळेतून आली की ती माझ्यामागे बसायची, माझ्या हातांवर हात ठेवायची आणि आमच्या चार हातांनी एक मफलर विणला जायचा. तेव्हापासून माझ्या पिशवीत लोकर आणि सुया नाहीत असा दिवस गेलेला नाही. बँकेतले साहेबही आता मधल्या सुट्टीत माझ्या विणकामाकडे पाहून थंडी किती पडणार ते ठरवतात.

राजवाड्यामागची गल्ली

दुसऱ्या दिवशी जीजीने बाजारात जायचं काढलं. लोकर घ्यायची होती. जुनं मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश झाल्याला पंचविशी होत आली, तरी ती अजून दुकानदारांना ‘मध्य भारतात असं नव्हतं भिया’ म्हणून दटावते (भिया म्हणजे इंदुरी भैया), आणि दुकानदार माना डोलावतात.

आम्ही दोघी चालत निघालो. एक पायाने अधू, एक हाताने. नदीवरच्या छत्र्यांपाशी दमून बसलो. नदीला पाणी कमी आणि वास जास्त झाला आहे, पण छत्र्यांच्या दगडावर दुपारचं ऊन पडलं की अजूनही जागचं हलवत नाही. जीजी सांगत होती, गाव कसं वाढत चाललंय, लांब उत्तरेला विजय नगर म्हणून कायसे प्लॉट पडताहेत. “तिकडे कोण जाईल राहायला? पूरा जंगल आहे.” मी ऐकत होते आणि मनात एकच चाललं होतं, की मी या गावातून गेलेच का. नोकरी लागली म्हणून गेले, हे खरंच आहे. पण नोकरी काय, इथे मिळाली नसती? त्या वयात वाटलं होतं की जिथे मला कोणी लहानपणापासून ओळखत नाही, तिथे मी लंगडी कमी दिसेन. पुण्यातही तेवढीच लंगडी दिसते. फक्त तिथे जीजी नाही.

गल्लीतल्या दुकानात तिने पिशवीतून विटकरी लोकरीचा धागा काढून दाखवला. हाच रंग हवा. दुकानदाराने फळ्या धुंडाळल्या, डोक्यावरच्या माळ्यावर चढला आणि धुळीने भरलेल्या शेवटच्या लडी घेऊन खाली उतरला. जीजी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होती. परत येताना सराफ्यात गराडू खाल्ले. कंदाच्या फोडी तळून वर लिंबू आणि मसाला. थंडीत ते खाऊन कानातून वाफा निघतात.

त्या लडी कशासाठी, ते मला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी कळलं. जीजीने ट्रंकेतून एक गठडी काढली. खास माझ्यासाठी अशी कोणतीच गोष्ट तिने कधी विणली नव्हती. तिचं सगळं आयुष्य लोकांच्या बाळांना टोपरी आणि झबली पुरवण्यात गेलं. हा स्वेटर माझा होता. मागचा भाग पूर्ण, आणि पुढचा भाग मुंढ्यापर्यंत येऊन सुईवर थांबलेला.

“घे. पुढचं तू कर.”

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. दुसरीच्या सुईवरचं काम कोणी उचलायचं नाही. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, जीजीचा सैल, माझा घट्ट, आणि मध्येच हात बदलला की विणीत रेघ उमटते. आई म्हणायची, सुई जिची काम तिचं. ही रीत फक्त एकदा मोडली होती. आई गेली तेव्हा तिच्या सुईवर एक मोजा अर्धा राहिला होता, आणि तो जीजीने पुरा केला.

म्हणजे जीजी मला काय देते आहे, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

“उन्हाळ्यात बोटं मोकळी होतील तुझी,” मी म्हटलं. “मग तूच कर.”

“कुसूम, मला पागल नको बनवू. घेऊन जा म्हटलं ना.”

मी घेतलं. सुयांच्या टोकांना बाटलीची बुचं लावली, म्हणजे टाके निसटू नयेत. माझ्या ट्रंकेत ठेवायचा धीर होईना, हमालाने ती आपटली तर? खांद्याच्या पिशवीत, माझ्या अंगाशी ठेवलं.

विमानतळ

विमानाची कल्पना दिलीपची. येताना रेल्वेत वरखाली करताना माझे काय हाल झाले ते ऐकून त्याने परस्पर मुंबईपर्यंतचं तिकीट काढून टाकलं. “आरामात बसायचं मावशी, खिडकीतून ढग बघायचे.” तोही विमानात कधी बसला नव्हता, त्यामुळे ढगांपर्यंतच त्याला माहीत होतं. विणायच्या सुयांचं आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

जीजी पोचवायला आली. नको म्हटलं तरी आली. ती आणि दिलीप बाहेर राहिले. जिथून विमान दिसतं त्या जाळीपाशी उभं राहू, विमानाकडे चालत जाताना तू हात कर, असं ठरलं. मी आत गेले.

विमानं पळवून नेण्याच्या बातम्या त्या दिवसांत वरचेवर येत, त्यामुळे तपासणी कडक होती. माझ्यापुढे सियागंजचे एक किराणा व्यापारी होते, पोट सुटलेले, हातात शेवेचा मोठा डबा. पोलिसाने डब्यात हात घातला तसे ते कळवळले. “भिया, सेंव है, बम नहीं! पूरा चूरा कर दोगे क्या?” सगळे हसले. मीही हसले. मग माझी पाळी आली.

पोलीसबाईंनी हातातलं यंत्र माझ्या कमरेखाली नेलं आणि ते किंचाळलं. त्या दचकल्या. पुन्हा नेलं, पुन्हा किंचाळलं. मी लुगड्याचा काठ जरा वर करून सळया दाखवल्या. त्यांनी पडद्याआड नेऊन स्टुलावर बसवलं.

“बाईजी, ये उतारना पड़ेगा.”

“उतारने के बाद मैं खड़ी नहीं हो सकती.”

“क्या करें, ऑर्डर है.” चेहऱ्यावरून त्यांनाही ते आवडत नसावं. पण ऑर्डर होती.

मांडीचे पट्टे सोडले, गुडघ्याची कडी काढली, बुटातून पाऊल सोडवलं. पोलीसबाई तो सगळा सांगाडा घेऊन तपासणीच्या साहेबांना दाखवायला गेल्या. पडदा अर्धा उघडाच राहिला. त्या फटीतून मी माझा पाय हॉलमधून जाताना पाहिला. साहेबांनी सळया ठोकून पाहिल्या, बूट उलटा केला, नाडी ओढून काढली, आत हात घालून चाचपलं. रांगेतले लोक बघत होते. आयुष्यभर जे लुगड्याखाली झाकत आले, ते टेबलावर पडलं होतं आणि मी इकडे स्टुलावर, एकाच पायात चप्पल घालून. मला इतका राग आला की रडूही येईना.

कॅलिपर परत आलं, नाडी वेगळी. तेवढ्यात साहेबांनी माझी पिशवी उघडली.

“ये सलाई नहीं जाएगी. नोकदार है.”

मी म्हटलं, सामानात टाका. सामान केव्हाच चढलं होतं. म्हटलं, दारापाशी विमानातल्या बाई उभ्या आहेत, त्यांच्याकडे द्या, उतरल्यावर घेईन. त्या बाईंनी मान हलवली, जबाबदारी घेणार नाही म्हणाल्या. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी त्यांच्या परीने तोड काढली, “इसमें क्या है, निकाल लेते हैं. घर जाकर वापस डाल लेना,” आणि एक बूच काढून सुई ओढली.

मी किंचाळले. त्या यंत्रापेक्षाही मोठ्याने किंचाळले असेन. साहेबांचा हात थांबला, पण टोकाचे चार-पाच टाके सुटून खाली घसरले होते. ज्या बोटांनी ते घातले, ती बोटं आता एक टाकाही पुन्हा घालू शकणार नव्हती. हे त्या हॉलमध्ये कोणाला सांगणार होते मी?

“मेरी बहन ने बुना है,” एवढंच म्हणाले.

“तो बाहर आपके जो लोग हैं, उनको लौटा दो. जल्दी करो बाई, फ्लाइट का टाइम हो गया.”

हा मार्ग सोपा होता. दिलीपला बोलवायचं आणि गठडी परत द्यायची. पण आदल्या संध्याकाळी जीजीने जे मनावर दगड ठेवून हातावेगळं केलं, ते तासाभरात तिच्याकडे परत गेलं असतं. तिला वाटलं असतं, कुसुमने घेतलं नाही. आणि ती पुन्हा देणार नव्हती. मी तिला ओळखते.

मी निसटलेले टाके नखाने उचलून धरले आणि इकडेतिकडे बघू लागले. टाके दुसऱ्या कशावर तरी ओवून घेतले की सुई काढता येते. लोकरीचा धागा लुळा पडतो, ओवायला सुई लागते, आणि सुई चालणार नव्हती. पोलीसबाईंच्या हातात माझ्या बुटाची नाडी लोंबत होती. काळी, लांबलचक, टोकाला पत्र्याची कडक नळी.

“वो दीजिए.”

एकेक टाका सुईवरून उतरवत मी नाडीवर घेऊ लागले. शंभराच्या वर टाके होते. लोकरीचा गुंडा सारखा टेबलावरून घरंगळत होता. शेवटी सियागंजच्या शेठजींनी तो दोन्ही हातांत धरला. मघाशी घड्याळ दाखवत कुरकुरत होते, आता साहेबांवरच उखडले, “अरे रुको भिया, प्लेन कहीं नहीं जा रहा! बाई का काम देखो!”

सुया टेबलावर राहिल्या. जीजीच्या त्या राखाडी सुया, टोकाशी रंग उडालेल्या. त्या मी सोडल्या. दोन्ही टोकांना गाठ मारून नाडीवरचं विणकाम पिशवीत घातलं, पिशवी गळ्यात अडकवली, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की बूट आता बांधायला काहीच नाही.

कॅलिपरचा जीव त्या बुटात असतो. बूट सैल असला की पाऊल आत नाचतं आणि सळया पाय सोडून भलतीकडे वळतात. विमान मैदानात लांब उभं होतं आणि चालत जायचं होतं. दोन पावलं टाकली आणि तोल गेला.

“मेरा कंधा पकड़ लो बाईजी,” पोलीसबाई म्हणाल्या.

मी पकडला. एवढंच सांगते की पकडला. माझा डावा हात त्यांच्या खांद्यावर, उजव्या हातात काठी, आणि नजर त्या बुटावर, कारण नजर हलली असती तर मी पडले असते.

अर्ध्या वाटेवर जीजीची हाक आली. “कुसूम! ए कुसूम!” जाळीपाशी ती हात करत असणार, त्या न उघडणाऱ्या बोटांनी. मला हाक अगदी स्पष्ट ऐकू येत होती. वळता येत नव्हतं. हात मोकळा नव्हता. मी पुढेच चालत राहिले, शिडी चढले, आत गेले, आणि खिडकी मिळाली ती नेमकी दुसऱ्या बाजूची.

ढग पाहिले. दिलीपने सांगितलं होतं तसेच होते. त्याआधी थोडा वेळ माळव्याची काळी जमीन दिसली, मध्ये मध्ये हिरवा गहू. मग तीही दिसेना. शेठजींनी डबा पुढे करून मूठभर शेव दिली. “खा लो बहनजी, घर की है.” घासाबरोबर मी रडत होते, आणि ते भले गृहस्थ दुसरीकडे बघत होते.

पुणे

नवी नाडी घेतली, बूट बांधला, बँकेत जाऊ लागले. विणकाम अजून त्या जुन्या नाडीवरच आहे. निसटलेले टाके सगळे सापडले, एकही गेला नाही. नव्या सुया आणून ठेवल्या आहेत, पण रोज संध्याकाळी मी ते मांडीवर घेते, हात फिरवते आणि ठेवून देते. घाई कसली आहे?

जीजीला पत्रात खुशाल पोचल्याचं लिहिलं. पडद्याचं आणि स्टुलाचं काही लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात शेजारच्या वहिनींकडे ट्रंककॉल आला. दिलीपच्या साहेबांच्या घरून जीजी बोलत होती, ओरडून, जणू इंदूरहून पुण्याला नुसत्या आवाजानेच पोचायचं होतं.

“कशी आहेस? पाय ठीक आहे?”

“ठीक आहे. तू?”

“मी एकदम मजेत.” मग तिने खाकरून घेतलं. ट्रंककॉलवर वेळ वाया घालवणारी जीजी नव्हे. “कुसूम, एक विचारू? तू हात नाही केला.”

मी रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट धरला.

“मी किती वेळ उभी होते. दिलीप म्हणे, मावशीने ऐकलं नसेल. मी बोलली, ऐकलं असेल, नाराज असेल. मी जबरदस्ती तुझ्या गळ्यात टाकलं ना ते काम.”

तेव्हा मी सांगितलं. यंत्र, कॅलिपर, सुया, नाडी, पोलीसबाईंचा खांदा, सगळं, घाईघाईत, उलटंसुलटं. नाराज नव्हते ग, म्हटलं, माझा हातच मोकळा नव्हता.

“तुला कोणी धरून नेलं?” तिने विचारलं. “तू धरू दिलं?”

“दिलं.”

“माझ्या टाक्यांपायी?”

“हो.”

आता ती ओरडत नव्हती. “आता आहे का हात मोकळा?”

“आहे.”

“मग आता कर.”

मी पाठ भिंतीला टेकली, रिसीव्हर डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर करून हलवू लागले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघतच राहिल्या. ऑपरेटर मध्ये येऊन वेळ संपल्याचं सांगू लागली, फोन बंद झाला, तरी मी हात खाली घेतला नाही.